विहीर हलवण्याचा ठराव

नवदुर्गा लेआउट नदी संरक्षण नागरिक समितीची एकेचाळिसावी बैठक गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच जागी, त्याच पाच जणांच्या उपस्थितीत पुन्हा सुरू झाली. चिटणीस केशवअण्णांनी तशी नोंद केली. बेळगावात तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाचं अक्षर ते! नदी वाचली नाही तरी इतिवृत्ताची वही नक्की वाचेल, असं लोक म्हणत.

त्या दिवशी मनुबाई पाण्याची कळशी घेऊन आली. लेआउटच्या वसाहतीखालच्या अंगाला तिचा भाजीचा मळा, आणि नदीला लागूनच विहीर.

"अण्णा, म्हस पाण्याला तोंड लावंना झालीया. हिरीला गटाराचा वास येतोय. कोथमिर कशानं धुऊ?"

समिती हेलावली. अध्यक्ष वकील श्रीनाथ यांनी कळशीला हार घातला. कळशीसह सर्वांचा फोटो झाला आणि सरकारी कचेरीला पत्र गेलं. सहा महिन्यांनी कन्नडमधून उत्तर आलं, की नदीत अकरा पाइप सुटतात. कोणता पाइप कोणाचा, हे तक्रारदारानेच सिद्ध करावं.

युक्ती केशवअण्णांना सुचली. होळीचे रंग उरलेले होतेच. प्रत्येक घराला एक रंग द्यायचा, न्हाणीत आणि संडासात ओतायचा आणि नदीकाठी उभं राहून बघायचं.

"सुरुवात समितीच्या घरांपासून करू," अण्णा म्हणाले. "म्हणजे आपण निर्दोष आहोत हे एकदाचं रेकॉर्डवर येईल."

टाळ्या पडल्या.

रविवारी नऊ वाजता घरोघरी रंग ओतले गेले. समिती टोप्या घालून काठावर उभी राहिली, शेजारी मनुबाई. पहिल्यांदा आला गुलाबी. वकीलसाहेब एकदम फोनवर बोलू लागले. मग हिरवा आला, मग पिवळा, आणि खजिनदार मारुतीरावांना घरचं काम आठवलं. सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत दाट, जांभळा आला. अण्णांनी घरी प्रामाणिकपणे दोन पुड्या ओतायला सांगितल्या होत्या. आपलं सांडपाणी मोठ्या गटाराला जोडलंय, असं बिल्डरनं सांगितलेलं ते तीन वर्षं मानून चालले होते. त्यांना इतकी लाज वाटली, की मनुबाईकडे बघवेना.

"अण्णा, जांभळा कुनाचा वो?"

"तपास चालू आहे," अण्णा म्हणाले.

तातडीच्या बैठकीला पूर्ण गणसंख्या होती, तीही वेळेआधी. वकीलसाहेब म्हणाले, "आपल्या पाण्याला मुळात रंग नव्हता. म्हणजे दोष रंगाचा आहे." नदीत रंग सोडण्यास सक्त मनाई करण्यात आली. तीन दिवसांनी पाहणी झाली. रंग कुठेच दिसेना, म्हणून नदी स्वच्छ झाल्याचं जाहीर करून पेढे वाटण्यात आले.

उरली विहीर. तिचा वास काही गेला नव्हता.

"नदी स्वच्छ आणि विहीर घाण," मारुतीराव विचारपूर्वक म्हणाले, "तर मग विहिरीपासून नदीला धोका आहे."

ठराव मांडला गेला. सदर विहीर मालकिणीने एका महिन्यात नदीपासून तीनशे फूट मागे हलवावी.

अण्णांचं पेन थांबलं. जांभळा माझा, एवढंच बोलायचं होतं. पण मग न्हाणी उकरावी लागली असती, आणि बायकोनं, बेबीनं, गेल्याच दिवाळीत नव्या फरश्या बसवून घेतल्या होत्या. त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.'

मनुबाई बाहेर पायरीवर बसली होती. "काय लिवलासा, अण्णा?"

अण्णांनी वाचून दाखवलं.

"हीर उचलू कशी?"

"ते उपसमिती बघेल."

मनुबाई उठली. आत गेली, टेबलावरच्या उरलेल्या पुड्या पदरात बांधल्या आणि चालू लागली. तेव्हापासून ती घरोघर फिरते आहे. भांडत नाही, रडत नाही. दार वाजवते आणि एवढंच विचारते, "बाई, तुमच्या न्हाणीत एवढा रंग टाकून बघू काय?"

लोक चांगले आहेत. कोणी चहा विचारतं, कोणी नदीच्या नावानं हळहळतं. पण न्हाणीपर्यंत तिला अजून कोणी जाऊ दिलेलं नाही.

लेआउट आता संपला. उद्या ती तुमच्या गल्लीत येणार आहे. घरी असणार ना?