चाळीस किलो साली

चंद्रभागाताईंनी मोसंबीच्या सालींचं पोतं उचललं, क्षणभर विचार केला आणि पुन्हा खाली ठेवलं. मग ॲप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी तो ज्यूसच्या काउंटरवर, बरोबर रविराजच्या नाकासमोर उलगडला. कचरा न्यायला आलेली बाई उचललेलं पोतं परत खाली ठेवते यात काही शुभ नसतं, एवढं रविराजला तीन वर्षांच्या धंद्यात कळलेलं होतं.

"नवीन दर," ताई म्हणाल्या. "या एक तारखेपासून किलोवर. किलोला दोन रुपये."

"किलोवर? अहो ताई, साली आहेत त्या. सोनं नाही."

"म्हणून तर पैसे लागतात. सोनं असतं तर फुकट नेलं असतं."

रविराजच्या दहा बाय बाराच्या दुकानात मोसंबीशिवाय दुसरं फळ नव्हतं, आणि रोज चाळीस किलो साली निघत होत्या. आजवर महिन्याचे सहाशे रुपये दिले की विषय संपायचा. चाळीस दुणे ऐंशी, ऐंशी तिसा चोवीसशे. त्याने हिशेब आधी बोटांवर केला आणि मग मोबाइलवर, कारण मोबाइलवर थोडा कमी येईल अशी त्याला आशा होती. आला तेवढाच.

"सोसायट्यांमधले लोक तर शंभर-शंभर रुपयेच देतात की."

"ते घरगुती. तुमचं कमर्शियल हाय."

"मीसुद्धा घरगुतीच माणूस आहे हो."

"मग घरी बसा," ताई म्हणाल्या आणि पोतं उचलून चालू लागल्या.

घरी बसायची सोय असती तर रविराज आनंदाने बसला असता. पण त्याची बायको शैला, तिचे थोरले भाऊ पोपटराव, आणि पोपटरावांचं वारज्यात टाइल्सचं दुकान. तीन वर्षांपासून पोपटरावांनी आपल्या दुकानात एक खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि ती कुणासाठी आहे हे प्रत्येक लग्नाकार्यात चारचौघांना सांगितलं होतं. तिथे एसी होता, पगार होता, आणि सकाळी दहा ते रात्री नऊ पोपटराव होते. शैलाने निक्षून सांगितलं होतं, की या महिन्यात दुकानाने फायदा दाखवला नाही तर पुढच्या एक तारखेला वारजे. त्या खुर्चीचं नुसतं नाव निघालं तरी रविराज विषय बदलायचा.

तेव्हा त्याने साधा विचार केला. कमर्शियल कचरा महाग आणि घरगुती स्वस्त, तर कमर्शियलचा घरगुती करावा. दोन गल्ल्या सोडून त्याची सोसायटी होती. रोज निम्म्या सालींचं एक पोतं स्कूटरवर पायाशी घ्यायचं आणि सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात रिकामं करायचं. तीन दिवस बेत झकास चालला. चौथ्या दिवशी डब्याशेजारी चेअरमन रंगनाथराव उभे होते. ते बँकेतून निवृत्त झालेले होते आणि येताना घरातला वजनकाटा घेऊन आले होते.

"किती पाहुणे आलेत?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"कुठे?"

"आपल्याकडे. रोज अठरा किलो साली म्हणजे पस्तीस-छत्तीस किलो मोसंबी झाली. घरात इतका अशक्तपणा कुणाला आलाय?"

जिन्यात माणसं जमू लागली. त्यांत तिसऱ्या मजल्यावरच्या प्रियदर्शनीताई होत्या. कोथरूडभर पसरलेल्या गच्चीवरच्या बागवाल्यांचा एक गट त्या चालवत. त्यांनी सरळ पोत्यात हात घातला, एक साल नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"या तुम्ही टाकताय?" त्या म्हणाल्या. "अहो, बायो-एन्झाइम होतं याचं. गूळ एक भाग, साली तीन भाग, पाणी दहा भाग. प्लास्टिकच्या बाटलीत तीन महिने आंबवायचं. फरशी पुसा, बेसिन घासा, झाडांना घाला. फक्त पहिला महिना रोज झाकण सैल करून आतला वायू सोडायचा, नाहीतर बाटली फुगते. आमच्या गटाला साली पुरत नाहीत."

यातलं 'साली पुरत नाहीत' एवढं रविराजच्या काळजात जाऊन बसलं. बाकीचं कानावरून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर पाटी लागली, 'मोसंबीच्या साली मोफत'. अख्खं कोथरूड तिच्यासमोरून गेलं. एका गृहस्थांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "खराबी काय आहे?"

"काही नाही."

"मग मोफत का?"

रविराज पाटी सरळ करू लागला, आणि गृहस्थ 'वाटलंच मला' अशी मान हलवून निघून गेले. संध्याकाळपर्यंत फक्त एक गाय येऊन साली हुंगून गेली.

"अहो, फुकट लिहिलंत तर कोण हात लावेल?" शैला म्हणाली. "भाव लिहा."

मग पाटी बदलली. 'बायो-एन्झाइमसाठी निवडक साली. किलोला दहा रुपये. घासाघीस करू नये.' अकरा वाजता रांग लागली आणि बाराला साली संपल्या. एका बाईंनी आठ रुपयांना मागितल्या, तेव्हा मात्र रविराजला आपण खरोखर काहीतरी विकतो आहोत असं वाटून भरून आलं.

गिऱ्हाइकं कृती विचारू लागली म्हणून त्याने चिठ्ठ्या छापल्या. झाकण रोज सैल करण्याची भानगड त्याला अंधुक आठवत होती. पण तेवढं लिहिलं की रोज म्हणजे सकाळी की संध्याकाळी, आणि गावाला गेलो तर कुणी करायचं, असले पन्नास प्रश्न येणार. त्यापेक्षा त्याने सुटसुटीत मजकूर केला. 'गूळ एक, साली तीन, पाणी दहा. झाकण घट्ट लावावे. तीन महिने उघडू नये. दुकानात येऊन शंका विचारू नयेत.' कोथरूडची माणसं एक वेळ सिग्नल मोडतील, पण छापील 'नये' मोडणार नाहीत. त्यांनी झाकणं पिळून पिळून लावली.

चंद्रभागाताई रिकामं पोतं घेऊन आल्या तेव्हा न्यायला काहीच नव्हतं.

"साली कुठं गेल्या?"

"विकल्या."

ताईंनी पाटीवरचा भाव निरखून पाहिला. "बरं," असं म्हणून पोत्याची घडी केली आणि त्या गेल्या.

रविराज आठ दिवस हवेत होता. स्कूटरवर बसल्या बसल्या त्याला हसू फुटायचं. मग अडचण सुरू झाली, आणि ती अशी की साली पुरेनात. कर्वेनगरहून माणसं येऊ लागली. त्यांना रस नको होता, फक्त साली हव्या होत्या. सालींसाठी मोसंबी पिळावी लागे आणि पिळली की रस निघे. रविराजने रस निम्म्या भावाने लावला. मग एक किलो सालींवर एक ग्लास फुकट ठेवला.

"रस कशाला गळ्यात मारताय?" गिऱ्हाइकं चिडू लागली. "मला डायबेटिस आहे. नुसत्या साली द्या."

फुकटचा रस दिसला तसं नेहमीचं गिऱ्हाईकही बिचकलं आणि शेजारच्या गल्लीतल्या दुकानात जाऊ लागलं. फ्रिज भरला. घरातला फ्रिजही भरला. शैलाने आमटीत रस घातला, कणीक रसात भिजवली, आणि तिसऱ्या दिवशी पातेलं नवऱ्यासमोर आदळून म्हणाली, "सालीला दहा रुपये मिळतात म्हणून तुम्ही साठ रुपयांची मोसंबी फोडताय, हे तुमच्या लक्षात आलंय का?"

आलं होतं. पण रांग समोर उभी असताना मोसंबी फोडायचं थांबायला जे धैर्य लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं. मोरीत रस ओतला तर गल्लीभर मुंग्या झाल्या. शेवटी त्याने चंद्रभागाताईंना गाठलं आणि आंबलेल्या रसाचे दोन कॅन त्यांच्यापुढे ठेवले.

"एवढं न्याल का? ओला कचराच आहे."

ताई कॅनमध्ये डोकावल्या. "दादा, ओला कचरा एवढा ओला नसतो," त्या म्हणाल्या.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. गल्ल्यात सालींची चिल्लर होती आणि मोसंबीवाल्याची उधारी डोक्यावर होती. शैलाने वारज्याला फोन केला. पोपटराव म्हणाले, "टेम्पोच घेऊन येतो. माणूस आणि ज्यूसचं मशीन एकदमच आणू."

त्याच दुपारी दीड वाजता रंगनाथरावांच्या बाल्कनीत पहिली बाटली फुटली. त्यांनी बारा बाटल्या तारखेच्या चिठ्ठ्या लावून ओळीने मांडल्या होत्या. पहिलीला पंधरा दिवस झाले होते. आवाज झाला तेव्हा ते जेवत होते, आणि गॅस सिलिंडर गेला असं समजून ते आमटीच्या वाटीसकट टेबलाखाली शिरले. दुसरी फुटली तेव्हा सगळी इमारत बनियनवर खाली आली. तिसरी समोरच्या इमारतीत फुटली, आणि मग कुठली कुणाची हे मोजायचं लोकांनी सोडून दिलं.

चार वाजता दुकानासमोर रांग होती. प्रत्येकाने फुगून टम्म झालेली बाटली हात लांब करून धरली होती. सगळ्यांत पुढे रंगनाथराव होते. त्यांच्या हातात चिठ्ठी होती आणि पायाशी उरलेल्या बाटल्यांची क्रेट.

"'उघडू नये' असं आपण लिहिलं आहे. आम्ही उघडली नाही," ते म्हणाले. "आता हा माल आपला. विल्हेवाट आपण लावायची आणि दहा रुपयांप्रमाणे पैसे परत करायचे. छताला जो रंग लागेल त्याचं नंतर बघू."

रविराजने पैसे परत द्यायला सुरुवात केली. दुकान बाटल्यांनी भरलं, काउंटर भरला, आणि घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. पोपटरावांचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला. जागा दिसताच लोकांनी त्यात बाटल्या ठेवायला सुरुवात केली.

"अहो, तो टेम्पो माझा आहे," पोपटराव ओरडत उतरले. "माझ्या टाइल्स आहेत आत. कामावरून परत आल्यात, सिमेंट लागलेल्या."

रंगनाथरावांनी त्यांच्याकडे लक्ष न देता क्रेट आत सरकवली. ती कुठेशी आदळली आणि एक बाटली फुटली. आंबट वासाचा तपकिरी फेस टाइल्सवर, टेम्पोवर आणि पोपटरावांच्या पांढऱ्या शर्टावर उडाला. रविराजने डोळे मिटले. डोळ्यांपुढे त्याला ती खुर्ची स्पष्ट दिसली, तिच्यावरच्या उशीसकट.

बराच वेळ शिवी ऐकू आली नाही म्हणून त्याने डोळे उघडले. पोपटराव रुमालाने एक टाइल पुसत होते. त्यांनी दुसरी घेतली. मग नखाने खरवडून पाहिलं.

"सिमेंटचा थर सुटला," ते हळूच म्हणाले. "रविराजराव, यात ॲसिड आहे का?"

"नाही हो. मोसंबीच्या साली आहेत आणि गूळ. लोक परत द्यायला आलेत, कारण फुटतंय."

"सिमेंट काढायला ॲसिड वापरतो, त्याने माझ्या माणसांच्या हातांची सालपटं निघतात. वर महिन्याला केवढा खर्च." त्यांनी रांगेवर नजर फिरवली. "सगळ्या बाटल्या मी घेतो. आणि पुढच्या महिन्यापासून माझ्या सगळ्या कंत्राटदारांना लागेल. महिन्याला चार हजार लिटर तरी."

"पण दादा," शैला मध्येच म्हणाली, "यांना तर तुझ्या दुकानात बसायचंय ना उद्यापासून?"

"तिथं बसून काय करणार? हे कोण बनवेल?" पोपटराव म्हणाले आणि बाटल्या मोजायला लागले. शैलाने पुढे होऊन आधी एकेक झाकण सैल केलं. सूंऽऽ सूंऽऽ आवाज करत वायू सुटत होता, आणि रविराजला तो सनई-चौघड्याहून गोड वाटला. आपली सुटका झाली हे कळून त्याला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं. त्या भरात त्याने रंगनाथरावांना रसाचा ग्लास दिला. त्यांनी हुंगून परत केला.

सकाळी डोकं ताळ्यावर आल्यावर त्याने हिशेब मांडला. चार हजार लिटरला रोज चाळीस किलो साली हव्या होत्या. पण रसाचं गिऱ्हाईक या गडबडीत शेजारच्या गल्लीत गेलेलं होतं. दिवसाला दहा ग्लास खपत होते आणि साली निघत होत्या जेमतेम दोन किलो. तो दारातच चंद्रभागाताईंची वाट पाहत उभा राहिला.

"ताई, बाकीच्या ज्यूसवाल्यांच्या साली तुम्हीच नेता ना? त्या मला आणून द्याल? रोज चाळीस किलो."

"देईन की," ताई म्हणाल्या. "किलोला पाच रुपये."

"पाच? अहो, न्यायचे दोन म्हणाला होतात. आणि त्यांच्याकडून नेण्याचे दोन घेणारच आहात ना तुम्ही?"

"घेणार की. त्यांचा कचरा हाय, दादा," चंद्रभागाताईंनी पोतं खांद्यावर टाकलं. "तुमचा माल हाय."