लुकचं कुलदैवत

कोलतेकाका गोऱ्या माणसाला भेटले की हवापाण्याचं बोलणं आटपतात आणि विचारतात, "व्हॉट इज युवर कुलदैवत?" एकदा डेंटिस्टला विचारलं, तेही त्याची बोटं तोंडात असताना. त्याला ते दुखण्याचं नाव वाटलं, त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं.

कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून काका राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. मूळचे नागपूरचे, मेकॅनिकल इंजिनियर. काहीही बिघडलं की म्हणतात, "मुळाशी जावं लागते." मग तो टोस्टर असो की शेजाऱ्यांचं भांडण.

त्यांच्या ऋचाला दिवस गेले आणि काका कामाला लागले. जावई लुक मॉन्ट्रियलचा, फ्रेंच. कूळ बापाकडून येतं, म्हणजे बाळाचं कुलदैवत लुकचं, आणि ते लुकलाच ठाऊक नाही! बाळ यायच्या आत देव सापडला नाही तर पोर पोरकं राहणार, असं काकांनी मनावर घेतलं. लुक बिचारा म्हणाला, आम्ही कॅथलिक, पण चर्चमध्ये जात नाही. काका म्हणाले, तो नंतरचा बदल. त्याआधी कोण?

त्याआधी फ्रान्समध्ये गॉल लोक होते, असं लायब्ररीत निघालं. तेव्हापासून गाडीला बर्फाचे विंटर टायर लावायची वेळ येईपर्यंत काकांच्या टेबलावर गॉलांचे देव उपवर मुलांसारखे पाहिले जात होते. एपोना घोड्यावर बसते, म्हणजे घरंदाज. पण बाळाला घोडा लगेच कशाला? सेर्नुनोस मांडी घालून बसतो, बैठक आपलीच, पण डोक्यावर शिंगं, बाळ दचकेल. सुसेलोसच्या हातात हातोडा पाहून इंजिनियर विरघळला, पण दुसऱ्या हातात दारूचं भांडं निघालं. ऋचा म्हणायची, "बाबा, प्लीज, नॉट ॲट डिनर."

मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणून ऋचा आधीच लुकसकट ग्वेल्फला आली होती. पाचवीच्या पूजेला काकांनी मला बोलावलं. पाटा-वरवंट्याच्या जागी ग्रॅनाइटचा कटिंग बोर्ड आणि बत्ता मांडला होता. शेजारी एका जुन्या शिल्पाचं चित्र, ओळीने बसलेल्या तीन बायका.

"गॉलांच्या तीन माता," काका ऐटीत म्हणाले. "हे फायनल."

मला चेष्टा सुचली. म्हटलं, "काका, पाचवीला आपली सटवाई एकटीच येते. तुम्ही तिघीतिघी कशाला बोलावल्या?"

काका चित्र सरळ करत राहिले. "बघ, एकीच्या मांडीवर बाळ आहे. दुसरीनं दुपटं धरलंय. तिसरी अंघोळीचं भांडं घेऊन बसली आहे." मग हळूच म्हणाले, "ऋचाची आई हे सगळं एकटीनं करणार होती. मला यातलं काहीच येत नाही, नीता."

आत बाळ रडायला लागलं. मी बाह्या वर सारल्या आणि लुकला पाणी तापवायला सांगितलं.