माझी को-सिस्टर

मला स्ट्रेचरवरून ऑपरेशनला नेत होते. आतड्याला पीळ पडलेला, जीव जायची वेळ. आणि माझी धाकटी जाऊ शांता दारात डॉक्टरांना इंग्रजी शिकवत होती.

"पेशंटच्या तुम्ही कोण?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

"को-सिस्टर."

"म्हणजे बहीण?"

"नाय हो. को म्हणजे सोबत. मूळ लॅटिनातलं. एकाच घरात दिलेल्या, म्हणून को-सिस्टर."

"शांते, चुलीत घाल तुझं ते को," मी ओरडले. "मला आत जाऊ दे."

मी चौथी शिकलेली, शांता मॅट्रिक. तिला लग्नात कुणीतरी इंग्रजी डिक्शनरी दिली. ती पहिल्या पानापासून वाचायला लागली आणि 'को'पाशी येऊन जी अडकली, ती पुढं गेलीच नाही. गुलमंडीच्या बाजाराला जाताना रिक्षात शेजारी बसेल तो को-पॅसेंजर. नळावर भांडणारी को-भाडेकरू.

"लॅटिन कुठली गं?" मी एकदा विचारलं.

"रोमची. लई जुनी."

"तिथं जावा होत्या का?"

"असतील की. भांडायला कुणीतरी लागतंच."

भांडलो आम्हीपण. नवरे होते तेव्हाच चुली वेगळ्या झाल्या, मधे भिंत आली. पण आमच्यात शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. तिची कढी आली की त्याच वाटीत माझा ठेचा जायचा. मग तिचं पिठलं. बोलणं बंद असलं तरी वाटी चालूच. पुढं दोघींचे नवरे गेले. माझा मुलगा पुण्याला. तिला मूलबाळ नाही. वाटी मात्र फिरत राहिली. शांता तिला को-वाटी म्हणते.

शुद्धीवर आले तर नर्स वैतागलेली. "आजी, तुमच्या त्या बाईंनी कालपासून पाण्याचा घोट घेतला नाही. म्हणे, त्यांना बंदी तर मलापण. शेवटी चक्कर येऊन पडल्या."

शेजारच्या कॉटवर शांता. हाताला सलाईन.

"येडी झाली का गं?"

ती वर पंख्याकडं बघत राहिली. "तुम्ही गेला असता, जाऊबाई, तर मी कुणाची को?"

टाके दुखत होते.

"वाटी कुणाकडं आहे?" मी विचारलं.

"तुमच्याकडं. कढी दिली होती मी."

म्हणजे ठेचा माझ्याकडून यायचा होता. घरी आल्यावर पहिला तो कुटला, वाकता येत नव्हतं तरी.

त्या दुखण्यातून आम्ही दोघी वाचलो.