घाट न चढणाऱ्या पिकअपची कैफियत

श्री. जो चाके फिरवितो आणि मर्जी असता अडवितोही, त्यास आधी नमन. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी अमुक एक राज्य होते. नाव लिहावयाची आज्ञा नाही. राज्यास महाराज होते, महाराजांस अंताजीपंत कारभारी होते, आणि उभयतांस मिळून एकच पिकअप होती. ती वयाने थोर, रंगाने कधीकाळी पांढरी, आणि तिचे काम इतकेच की पाठीवर पाण्याची टाकी घेऊन घाट चढावा आणि वरच्या वाडीचे रांजण भरावे, कारण वाडीची विहीर होळीलाच आटत असे. तो त्या वैशाखात गाडीस विकार जडला. उभी असता तिच्या सर्वांगास थरकाप सुटे, आणि घाटाच्या पहिल्या वळणास पोहोचताच काळा धूर ओकून ती मागे सरू लागे. ऐसे जाहले आणि टाकी घाटाखाली राहिली आणि वाडी तहानली.

आता वाहनशाळेचे दारोगा निंबाजीराव यांस दुखण्याचे मूळ पहिल्याच दिवशी उमगले होते. कारण त्या राज्याचा रिवाज ऐसा की दसऱ्यास महाराज वाहनपूजा करीत, आणि बॉनेट उघडोन इंजिन जेथून हवा ओढते त्या नळीच्या तोंडात स्वहस्ते आपट्याचे सोने घालीत, की वाहनासही सण कळावा. मग महाराजांनी दिधले सोने काढील कोण? कोणी काढिले नाही. वर्षानुवर्षे पाने आत गेली, त्यांवर कुंकू गेले, अक्षता गेल्या, आणि हवेच्या फिल्टराची पेटी गच्च भरली. तबक धरावयास दरसाल निंबाजीरावच उभे असत. तेव्हा गाडी गुदमरते आहे हे त्यांस ठाऊक, परंतु महाराजांच्या हातगुणाने गुदमरते आहे हे बोलावे कैसे, हा त्यांस पेच पडला. वाडीत त्यांची सख्खी बहीण सगुणाबाई दिली होती, म्हणोन तो पेच दुप्पट.

मग दरबार भरला. अंताजीपंत बोलिले, "महाराज, डिझेल फितूर जाहले आहे." सर्वांनी माना डोलाविल्या आणि डिझेलचा फिल्टर बदलिला. गाडी थरथरली ती थरथरलीच. मग नोझल बदलिले, मग बॅटरी बदलिली, मग हॉर्न बदलिला, तो मात्र उत्तम वाजू लागला, आणि पंतांस त्याबद्दल शालजोडी जाहली. मग चालक बदलिला आणि महाराजांचे मेहुणे गादीवर बसले, परंतु त्यांस रिव्हर्स तेवढा येत असे, आणि गाडी घाटात आपसूकच मागे येत असल्याने त्यांचे कौशल्य कोणास दिसले नाही. दर खेपेस महाराज पुसत, "निंबाजीराव, तुमचे मत काय?" आणि दर खेपेस शब्द ओठांवर येई, पंत त्यांजकडे पाहात, आणि निंबाजीराव म्हणत, "आज्ञा प्रमाण."

ऐशात वाडीहून सगुणाबाईंचा निरोप आला. आणणाऱ्याने भर दरबारात जैसाचा तैसा सांगितला, "दादाला म्हणावं, सासूबाईची जीभ कोरडी पडलीया. गाडी चढत न्हाई तर डोईवर घागर घिऊन ये." निंबाजीरावांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. ते उठले आणि अंगणात गेले आणि बॉनेट उघडोन पेटीच्या कड्या सोडिल्या आणि मुठीमुठीने पाचोळा बाहेर काढिला, तो पार काळा पडला होता. मग फिल्टर दगडावर आपटोन झटकिला, परत बसविला आणि चावी फिरविली. गाडी संथ गुरगुरू लागली. थरकाप नाही, धूर नाही.

महाराज पुसते जाहले, "हा कचरा कोणाचा?"

"कचरा नव्हे, महाराज," निंबाजीराव बोलिले. "आपण दिलेले सोने आहे."

महाराजांचा चेहरा उतरला. पण कारभारी उगाच नेमलेले नसतात. पंत कडाडले, "ऐकिलेत? हुजुरांनी घातलेले सोने यांनी न पुसता काढिले! ही उघड उघड चोरी!" महाराजांच्या जिवात जीव आला. तत्काळ निंबाजीरावांचे पागोटे उतरविले, दारोगागिरी काढिली, आणि हद्दपारीचा हुकूम जाहला. परंतु गाडी पुढे हाकणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणोन हुकुमात भर घातली की आधी वाडीस पाणी पोहोचवावे आणि मग हद्दपार व्हावे.

गाडीने घाट एका दमात चढिला. निंबाजीराव बोडके, पण छाती फुगलेली, की आज आपण मर्दाचे काम केले. वाडीत बायांनी टाकीस गराडा घातला. सगुणाबाईंनी आधी सासूस पाजिले, मग भावाजवळ आल्या.

"दादा, पागोटं कुठं रं?"

निंबाजीरावांनी सारी हकीकत रंगवोन सांगितली. पाने कैसी, पंत कैसे, आपण भर दरबारात न डरता पेटी कैसी उघडिली. सगुणाबाईंनी पुसिले,

"म्हंजे पानं आडकल्यात, हे तुला पयल्याच दिशी ठावं व्हतं?"

"होतं."

"मंग इतकं दिस आमी कुणाच्या पागोट्यापायी तान्हेलो?"

इतके बोलोन त्या घागर कमरेवर घेऊन घरात गेल्या.

येणेप्रमाणे कैफियत. वाहन बरे जाहले, रांजण भरले, पंतांची शालजोडी पंतांकडेच राहिली. निंबाजीराव रिकामी टाकी घेऊन घाट उतरले आणि हुकुमाप्रमाणे हद्दपार जाहले.