खिडकीच्या गनिमाचा शोध

खुर्ची-अधिष्ठित, शिक्का-विराजित, बढती-प्रतीक्षित दप्तरप्रमुख साहेब यांनी खिडकीच्या गनिमाशी जी झुंज दिली, तिची हकीकत कोणी न विचारिता लिहिली असे, ती येणेप्रमाणे.

आपले खोलीतील खिडकी साहेबांनी स्वहस्ते लावावी, आणि ते जेवावयास उठताच अज्ञात गनिमाने ती सताड उघडावी, आणि मग फायलींवर धूळ बसावी, ऐसे महिनोन्‌महिने चालिले. मागील तपासणीस थोरले साहेब त्याच धुळीने सात वेळा शिंकले आणि बढती लांबणीवर पडिली. आता शुक्रवारी पुन्हा तपासणी. साहेबांचा जीव टांगणीस लागला.

मग साहेबांनी पाच कारकुनांस हेरगिरीची वस्त्रे दिली आणि फर्मान काढिले की, जो पक्की खबर आणील, त्यास त्या दिवशी तासभर आधी घरी जाण्याची मुभा. तेव्हा खबरांचा पूर लोटला. टंकलेखकाने रोखपालाचे नाव घ्यावे, रोखपालाने आवकजावकवाल्याचे, आणि त्याने वाऱ्याचे. आणि मग पाचांनीही चार वाजता पिशव्या आवळून कूच करावे. गनीम कोण, हे पाचांसही पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. परंतु गनीम सापडला तर चारची सुटी बुडेल, एवढी अक्कल त्यांस होती. साहेबांस नव्हती. साहेब त्या थापा लाल शाईने वहीत उतरवीत आणि स्वतःवर खूष होत.

गुरुवारी साहेब जेवण सोडोन स्वतः पहाऱ्यास बसले. फरशी पुसावयास साफसफाईच्या मावशी आल्या, आणि त्यांचेसमोर साहेब आपणाशीच कण्हले की, हा हरामखोर हाती यावा तरी कैसा?

"अहो साहेब, खिडकी मीच उघडते की," मावशी म्हणाल्या. "तुम्ही टेबलाखाली बूट काढून बसता. मोज्यांच्या वासानं खाली वाकवत नाही मला. विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

मावशींस विचारावे, हे साहेबांस सुचलेच नव्हते. त्यांचे लेखी मावशी माणसांत जमाच नव्हत्या.

साहेबांनी बूट चढविले. शुक्रवारी खिडकी बंद राहिली, थोरले साहेब एकदाही शिंकले नाहीत, आणि बढतीची शिफारस जाहली. दप्तरी नोंद पडिली ती ऐसी की, साहेबांचे कुशाग्र हेरखात्याने गनीम समूळ मोडिला, मोठी फत्ते जाहली. मावशींचा उल्लेख नाही.

सोमवारी पाचांनी मिळोन खिडकी सताड उघडिली, आणि पक्की खबर घेऊन साहेबांचे दाराशी रांगेत उभे राहिले.