सासूबाई पुढच्या पानावर आहेत

सुनेच्या कॉलेजच्या वेळात सासूबाईंनी कायद्याचं पुस्तक उघडायचं नाही, असा करार झाला होता. करार तोंडीच, ओट्याशी मटार सोलता सोलता झालेला. पण सुनेने तो सासूबाईंकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला होता. एक तर ती कायदा शिकत होती, आणि दुसरं म्हणजे ती सासूबाईंना ओळखत होती.

"म्हणजे तू येईपर्यंत मी नुसती भिंतीकडे बघत बसू?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"आई, दुसरं काय हवं ते वाचा. फक्त पुराव्याचा कायदा नको."

"दुसऱ्या पुस्तकांत एवढे खून नसतात गं."

या सगळ्याचं मूळ सुनेच्या खांद्यात होतं. लग्नामुळे अर्धवट राहिलेलं कायद्याचं शिक्षण तिने मुलं शिकायला बाहेर गेल्यावर पुन्हा हातात घेतलं होतं. घेतलं म्हणजे सासूबाईंनी घ्यायला लावलं होतं. "अर्धवट विणलेला स्वेटर आणि अर्धवट शिकलेली सून, दोन्ही मला कपाटात पडलेलं बघवत नाही," असं त्या म्हणाल्या आणि विषय संपला. पण कायद्याची पुस्तकं एकेक अशी, की उशाला घेतली तर मान अवघडावी. ती रोज वाहून सुनेचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला. वर्गातली पोरं तिला काकू म्हणायची आणि जिन्यात पिशवी धरायला धावायची, हेही तिला लागायचं.

त्यात गेल्या वर्षी मूट कोर्टात तिची शोभा झाली. मूट कोर्ट म्हणजे खोटं कोर्ट. खटला खोटा, पक्षकार खोटे, वकील अजून वकील न झालेले. खरा असतो तो फक्त घाम. परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला आणि तिने उत्तरासाठी खुणेच्या चिठ्ठ्या लावलेलं जाडजूड पुस्तक उघडलं. ते हातातून निसटलं ते थेट समोरच्या वकिलाच्या पायावर. चिठ्ठ्या पंख्याखाली साऱ्या कोर्टभर उडाल्या. ती चिठ्ठ्या वेचत राहिली, समोरचा पाय धरून बसला, आणि तिची वेळ संपली. नापास. यंदाही तेच झालं तर सगळं गुंडाळून ठेवायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं आणि घरी सांगूनही टाकलं होतं. सासूबाई तेव्हा फक्त म्हणाल्या, "मला पटलं नाही."

हे त्यांचं नेहमीचं. सून रोज संध्याकाळी त्यांच्या समोर मटार सोलत बसून एकेक धडा समजावून सांगायची, आणि सासूबाई डोळे मिटून, मान हळूहळू हलवत ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "मला पटलं नाही." मग ती दुसऱ्या बाजूने सांगायची. मग तिसऱ्या. फारच चांगलं सांगितलं तर त्या "बघू" म्हणायच्या. "पटलं" हा शब्द त्यांच्या तोंडून अजून कुणी ऐकला नव्हता. त्यांच्या मुलानेसुद्धा नाही, आणि त्याने तर त्यांना स्वतःच्या पसंतीची सून आणून दाखवली होती.

तर यंदा कॉलेजने फर्मान काढलं की छापील पुस्तकं बंद, सगळी पुस्तकं ई-रीडरवर. पाटीएवढं यंत्र, त्यात अख्खा अभ्यासक्रम. सुनेला वाटलं, देव आहे. ते कुणाच्या पायावर पडलं तरी फार लागणार नाही, आणि चिठ्ठ्या तर उडणारच नाहीत. नवऱ्याने मोठ्या हौसेने ते चालू करून दिलं.

"नवीन खातं कशाला?" तो म्हणाला. "घरचं आहेच की, आईचं. त्यावरच टाकतो सगळी पुस्तकं."

नवऱ्यांची अशी मदत फार महागात पडते. त्या खात्यावर सासूबाई आपल्या टॅबवर रहस्यकथा वाचायच्या. एके दिवशी त्यांना त्यात 'पुरावा' नावाचं नवं पुस्तक दिसलं. रहस्यकथाच असणार, असं समजून त्यांनी ते उघडलं आणि त्यातल्या खटल्यांनी त्या अशा काही झपाटल्या, की रहस्यकथा राहिल्या बाजूला. आता त्या यंत्रांना काय ठाऊक, की वाचणाऱ्या दोघी आहेत? एकीने टॅबवर पान उलटलं की दुसरीच्या हातातलं पुस्तकही आज्ञाधारकपणे त्याच पानावर जायचं. शिवाय सासूबाई ओळींवर पिवळा रंग फासायच्या आणि शेजारी शेरे लिहायच्या, तेही इकडे उमटायचे.

एकदा भर वर्गात सरांनी सुनेला एक उतारा वाचायला सांगितला. ती उभी राहिली आणि पडद्यावर जे आलं ते भाबडेपणाने वाचत गेली: "साक्षीदाराची उलटतपासणी घेताना... हा मेला धडधडीत खोटं बोलतोय, याच्या बायकोला विचारा."

वर्ग हसून लोळला. सर म्हणाले, "मुद्दा चुकीचा नाही, पण भाषा बदला." त्या संध्याकाळी मटार सोलताना तो करार झाला.

मूट कोर्टाच्या दिवशी सून निघाली तेव्हा सासूबाई दारापर्यंत आल्या. "जा. घाबरू नकोस," म्हणाल्या. टॅब त्यांनी पाठीमागे धरला होता, पण सुनेचं लक्ष चपलांकडे होतं.

खटला होता शिलाई मशीनचा. एका बाईने आपलं मशीन शेजारणीला वापरायला दिलं. पुष्कळ वर्षांनी परत मागितलं तर शेजारीण म्हणते, तुम्ही मला ते देऊनच टाकलं होतं. सून मशीनवाल्या बाईची वकील. समोर होता वर्गातला टेप. त्याला टेप म्हणायचे, कारण एकदा चालू झाला की तो थांबत नसे. गेल्या वर्षी पुस्तक पडलं होतं ते याच्याच पायावर, त्यामुळे तो यंदा जाड तळव्याचे बूट घालून आला होता. न्यायाधीशाच्या खुर्चीवर खरेखुरे निवृत्त न्यायाधीश बसले होते. त्यांनी हात जोडून नमस्कार घेतला आणि डोळे मिटले.

सुरुवात झकास झाली. हकिगत तिने न अडखळता सांगितली. मग न्यायाधीशांनी डोळे न उघडता विचारलं, "एवढी वर्षं मशीन शेजारणीच्या घरात. मग ते तिचं नाही, हे कशावरून?"

सुनेला उतारा माहीत होता, तिने खूणही करून ठेवली होती. तिने खुणेवर बोट ठेवलं, पान उघडलं, आणि ती वाचायला लागणार एवढ्यात पान स्वतःहून उलटलं. पण घशातून आवाज निघाला होता, तो थांबेना.

"माननीय न्यायालयाने लक्षात घ्यावं, की मयताच्या चहाच्या कपात विषाचा अंश आढळला."

न्यायाधीशांनी एक डोळा उघडला. "शिलाई मशीनच्या खटल्यात चहा कुठून आला?"

"चुकून आला, महाराज," ती म्हणाली आणि पान मागे नेलं. ते परत पुढे गेलं. तिने मागे ओढलं. ते पुढे गेलं, आणि या वेळी जास्त जोरात गेल्यासारखं तिला वाटलं. एव्हाना तिला कळून चुकलं होतं. घरी, खिडकीजवळच्या खुर्चीत, करार मोडला गेला होता. वायफाय बंद करावं हे तिला सुचलं, पण ते बटण कुठे दडलंय हे नवऱ्याला माहीत, आणि नवरा ऑफिसात.

"आता काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मयत बाईच्या नवऱ्याने... नाही. मशीनच्या मालकिणीने..."

"माझी हरकत आहे," टेप उभा राहिला. "काकू आता खुनाचा आरोप करतायत."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सून यंत्राला इतक्या जोरात दाबत होती, की न्यायाधीशांनाच त्याची कीव आली. "ते इकडे द्या," ते म्हणाले. "द्या, द्या. आणि आता पुस्तकाशिवाय सांगा."

ते काढून घेतल्यावर तिच्या हातांना काय करावं कळेना. गेल्या वर्षीचं सगळं डोळ्यांपुढे आलं, फक्त चिठ्ठ्या तेवढ्या नव्हत्या. झालं, संपलं, असं तिला वाटलं. तिने वर बघितलं. न्यायाधीशांनी पुन्हा डोळे मिटले होते आणि ते मान हळूहळू हलवत होते. म्हणाले, "तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही."

आणि काय सांगावं, तिची जीभ सुटली.

"अहो आई, असं बघा..."

कोर्टात एकच हशा. टेप खाली बसला तो हसून. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. "बघतोय," ते म्हणाले. "पुढे बोला."

ती बोलली. मटार समोर नव्हते, एवढाच काय तो फरक. "आपली वस्तू असली तर आपण कुणाला विचारत बसतो का? शेजारणीने मशीनचा पट्टा बदलला तो मालकिणीला विचारून. पायडल दुरुस्त केलं तेही विचारून. ही तिची स्वतःची साक्ष आहे. मग दिलं होतं ते वापरायला की कायमचं? वर्षं किती गेली हे मोजून मालकी ठरत नाही, महाराज. कुणाला विचारावं लागत होतं, ते बघावं लागतं."

न्यायाधीशांनी आडवे प्रश्न घातले. तिने या बाजूने सांगितलं, नाही पटलं तर त्या बाजूने सांगितलं. असले आडवे प्रश्न तिला नवे नव्हते. तिच्या घरी याहून आडवे यायचे. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तिला अजून बोलायचं होतं.

मग टेप चालू झाला. पण न्यायाधीश आता सुनेचं यंत्र चष्म्यासमोर धरून बसले होते आणि पानांमागून पानं वाचत होते. टेपचा अत्यंत गंभीर मुद्दा चालू असताना ते मोठ्याने हसले. बिचारा टेप आयुष्यात पहिल्यांदा थांबला.

निकाल सांगायला ते उठले. "उत्तीर्ण," ते सुनेला म्हणाले. "दोघंही. पण बाई, तुमच्या हातात पुस्तक होतं तोवर मला काळजी वाटत होती. हे शेरे कुणाचे?"

"सासूबाईंचे," ती ओशाळून म्हणाली.

"त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि सांगा, त्या चहाच्या खटल्यात नवरा निर्दोष आहे. त्यांनी उगाच त्याच्यावर डूख धरलाय."

घरी येताना तिला खांदा जाणवलाच नाही. दार उघडं होतं. सासूबाई खिडकीजवळ टॅब मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि दमलेल्या दिसत होत्या.

"तुझं ते पुस्तक बिघडलंय," त्या लगेच म्हणाल्या. "आज सारखं मागे जात होतं. मी पुढे नेलं की कुणीतरी मागे ओढतंय. पण मीही काही सोडलं नाही."

"आई, आपलं काय ठरलं होतं?"

सासूबाईंनी टॅब पदराने पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "ठरलं होतं खरं. पण तू तिथे एकटी उभी, आणि मी इथे रिकामी. म्हटलं, तेच पुस्तक उघडून बसावं. तेवढीच सोबत. मग तो चहाचा खटला लागला आणि राहवेना." त्यांनी मान वर केली. "का गं? झालं काय?"

खरं काय झालं ते सांगायचं सुनेच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला त्या माउलीचं काय करावं तेच कळेना. डोळे मात्र भरून आले. "पास झाले," ती म्हणाली. "तुमच्यामुळे."

"मला पटलं नाही. उभी तू राहिलीस, बोललीस तू."

नवरा घरी येऊन सगळं ऐकून पोट धरून हसला आणि अपराधीपणाने म्हणाला, "उद्याच दोघींची खाती वेगळी करून देतो."

"म्हणजे आता पुस्तकातही वेगळी चूल?" सासूबाईंनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला.

सुनेने नवऱ्याला हातानेच गप्प केलं. मटारांची परात दोघींच्या मध्ये ओढली आणि ती रीतसर उभी राहिली, कोर्टात उभी राहिली होती तशी.

"माननीय न्यायालय," ती म्हणाली, "मला गेल्या वर्षी पुस्तक हातात असून एक शब्द सुचला नाही. यंदा पुस्तक काढून घेतलं तरी सगळं सुचलं. मधल्या काळात मी दुसरं काय केलं? रोज इथे बसून तुम्हाला पटवत राहिले. तुम्ही पहिल्याच दिवशी 'पटलं' म्हणाला असतात तर मी आज परत चिठ्ठ्या वेचत बसले असते. म्हणून माझं म्हणणं असं, की पास मी एकटीने झालेले नाही. आणि खातं एकच राहावं. फक्त वायफाय कसं बंद करायचं तेवढं मला कुणीतरी शिकवावं."

सासूबाईंनी डोळे मिटले होते. मान हलत होती. एक शेंग हातात तशीच राहिली. मग त्या हळूच म्हणाल्या, "पटलं."

नवऱ्याने चमकून आईकडे बघितलं. सून मटकन खाली बसली आणि तिने सासूबाईंच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. सासूबाईंनी तिच्या उजव्या खांद्यावर, त्या खाली आलेल्या खांद्यावर, हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

"आणि हो," सून तशीच म्हणाली, "न्यायाधीशांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. म्हणाले, चहाच्या खटल्यात नवरा निर्दोष आहे."

"त्यांना उलट नमस्कार सांग," शेंग सोलत सासूबाई म्हणाल्या, "आणि म्हणावं, मला पटलं नाही."