तडाख्याचं एकच गाणं

४ मे, रविवार. कुरडया घालायला गच्चीवर गेले, तर तिथल्या खोलीतला आमचा भाडेकरू टोपीचं जाड काळं जॅकेट घालून दारात उभा. अमरावतीच्या उन्हाळ्यात आम्हाला अंगावरचा पदरही जड होतो. उकडत नाही का रे, विचारलं, तर म्हणाला, "काकू, तडाख्याले उकडत नाही."

तडाखा म्हणजे तो स्वतःच. आईवडिलांनी नाव ठेवलं प्रशांत. पण रॅप करायला लागल्यापासून तो स्वतःबद्दल तिसऱ्याच माणसासारखं बोलतो. तडाख्याले वांगं चालत नाही. तडाखा झोपून राहिला, मंग या. मात्र सोऱ्या दाबायला हाक मारली की मुकाट येतो. प्रत्येक दाबाला तोंडानं ठेका धरतो आणि माझ्या कुरडया वेड्यावाकड्या पडतात.

तीन वर्षांपूर्वी त्याचं एक गाणं घरोघरी वाजलं. वडील परतवाड्याला काळीपिवळी जीप चालवतात. जीप गच्च भरली तरी ते स्टँडवर ओरडायचे, "एक शीट बाकी!" यानं केलेली त्यांची नक्कलच गाणं झाली. सिनेमात घेतली, याला मुंबईला नेलं. पुढची गाणी कोणी ऐकली नाहीत. आता दुकानांची उद्घाटनं उरली. तिथंही लोक तेच मागतात आणि हा तेच म्हणत नाही.

कुरडया निम्म्या झाल्या असतील, तेवढ्यात नांदगाव खंडेश्वरचे दोघे जत्रेतल्या कार्यक्रमाचं विचारायला आले. बिदागी चांगली, अट एकच, ते गाणं. हा नाही म्हणाला. ते गेल्यावर मी त्याला झापलं. घरी बसून एवढा माज बरा नाही, म्हटलं.

त्यानं सोऱ्या खाली ठेवला.

"काकू, गावचे सांगतात, बाबानं ष्टँडावर तोंड उघडलं का सारे तडाख्याचं गाणं म्हणून हासतात. आता ते ओरडतच नाही. मुकाट्यानं जीपजवळ उभे रायते. लोकं दुसऱ्याच्या गाडीत बसतात."

"तू गेलता का त्यायले भेटाले?"

"गाणं आल्यापासून नाही गेलो. कोणत्या तोंडानं जाऊ मी?"

'मी' म्हणाला, तडाखा नाही. चीक गार होत होता. मी सोऱ्या पुन्हा त्याच्या हातात दिला. उरलेल्या कुरडयांना त्यानं ठेका धरला नाही. तेवढ्याच सरळ आल्या.

५ मे, सोमवार. सकाळी त्याला उठवलं, चहा पाजला आणि परतवाड्याच्या एसटीत नेऊन बसवलं. गाडी सुटेपर्यंत तिच्या दाराशी उभी राहिले. दोनदा उतरायला आला. दोन्हीदा परत बसवला.